डोक्यावरची टोपी

माद्रिदला गेलो होतो ते ‘गेर्निका’ पाहायला. पिकासोचं ते भिंतभर चित्र एकदा तरी समोर उभं राहून पाहायचं, असं कॉलेजात असल्यापासून मनात होतं. पण बँकेची नोकरी, दर तीन वर्षांनी बदली, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण यात ते राहूनच गेलं. शेवटी ती मुलगीच शिकायला स्पेनमध्ये गेली आणि २०१८च्या जानेवारीत आम्ही उभयता पंधरा दिवसांची रजा काढून तिच्याकडे पोहोचलो.

रेना सोफिया हे तिथलं संग्रहालय म्हणजे एके काळचं इस्पितळ. जाड भिंती, उंच छत, लांबच लांब व्हरांडे. ‘गेर्निका’ डोळे भरून पाहिलं. मग साठीला टेकलेले गुडघे कुरकुरायला लागले म्हणून बाकावर बसलो, तर मुलगी म्हणाली की याच संग्रहालयात एका मांजराचं प्रदर्शन लागलंय, तेही बघून घेऊ. मांजर म्हटल्यावर सौभाग्यवतींना उत्साह आला. मला आला नाही. तिकिटाचे पैसे पुरते वसूल व्हावेत, एवढ्याच विचाराने मी उठलो. बँकवाल्याचा स्वभाव, दुसरं काय!

ते प्रदर्शन होतं जॉर्ज हेरीमन या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं आणि त्याच्या ‘क्रेझी कॅट’ या चित्रमालिकेचं. ऑक्टोबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ असे चार महिने ते चाललं. वर्तमानपत्रातली चित्रमालिका म्हणजे सकाळी चहाबरोबर वाचायची आणि महिन्याअखेरीला रद्दीत घालायची वस्तू. ती इथे चौकटीत बसवून, काचेमागे, मंद दिव्याखाली टांगलेली होती, आणि माणसं आवाज न करता एकेका पानासमोर पाच-पाच मिनिटं उभी होती. छापलेल्या आकारापेक्षा कितीतरी मोठी अशी ती मूळ पानं. काळी शाई, निबाचे फराटे, आणि जिथे रेघ चुकली तिथे वरून लावलेला पांढरा रंग. छापताना तो पांढरा रंग दिसत नाही. मूळ कागदावर मात्र जरा तिरकं उभं राहिलं की दिसतो.

मालिकेची गोष्ट दोन ओळींत सांगता येते. एक काळं मांजर आहे, त्याचं नाव क्रेझी. त्याचं प्रेम आहे इग्नॅट्झ नावाच्या उंदरावर. उंदराला मांजराचा मनस्वी तिटकारा, म्हणून तो रोज नेम धरून मांजराच्या डोक्यात वीट घालतो. मांजराला वाटतं, ही वीट म्हणजे प्रेमाची खूण. तिसरा आहे ऑफिसर पप, पोलिसातला कुत्रा. त्याचं मांजरावर मुकं प्रेम. तो उंदराला पकडून तुरुंगात टाकतो. दुसऱ्या दिवशी उंदीर सुटतो, कोलिन केली नावाच्या कुत्र्याच्या वीटभट्टीवरून नवी वीट आणतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे तीस वर्षांहून अधिक काळ चाललं. तीस वर्षं एकच वीट! आणि तरी सांगतो, कंटाळा येत नाही. आपल्याकडे कीर्तनकार तेच आख्यान वर्षानुवर्षं लावतो आणि ऐकणारा तरी दरवेळी पुढे सरकून बसतो, तसं काहीसं आहे ते.

सौभाग्यवतींनी एक प्रश्न विचारला. हे मांजर बोका आहे की भाटी? मुलीने सांगितलं की ते कधीच ठरत नाही. कधी हेरीमन त्याला नर म्हणून लिहितो, कधी मादी म्हणून. आणि मांजरामागचा देखावासुद्धा ठरत नाही. पहिल्या चौकटीत मागे डोंगर असतो, दुसरीत त्याच जागी झाड उभं, तिसरीत झाड कुंडीत जाऊन बसलेलं. पात्रं मात्र आपली जागा सोडत नाहीत आणि आपल्यामागे काय बदललं याची दखलही घेत नाहीत. चंद्र कधी कलिंगडाच्या सालीसारखा. क्रेझीची भाषा तर अशी की एकाच वाक्यात मालवणी, वऱ्हाडी आणि पुराणिकबुवांची मराठी एकत्र कालवावी.

मला हे सगळं गमतीचं वाटलं, त्यापलीकडे काही नाही. हेरीमनचे फोटो पाहिले तेव्हा एक गोष्ट मात्र नजरेत भरली. तरुण असो, म्हातारा असो, टेबलाशी बसून चित्र काढत असो, या माणसाच्या डोक्यावर जवळजवळ प्रत्येक फोटोत टोपी होती. घरातसुद्धा. मला वाटलं, टक्कल असेल.

परत आल्यावर न्यू ऑर्लिन्सचे पत्रकार मायकेल टिसरँड यांनी लिहिलेलं हेरीमनचं मोठं चरित्र मागवलं. ते २०१६ साली निघालेलं आहे. ते वाचताना एका जागी मी खुर्चीत ताठ बसलो. हेरीमनच्या जन्माच्या नोंदीत त्याचा वंश लिहिला आहे ‘कलर्ड’, म्हणजे काळ्या रक्ताचा. आणि मृत्यूच्या दाखल्यात लिहिलं आहे ‘कॉकेशियन’, म्हणजे गोरा. माणूस एकच, नाव एकच, आणि दोन सरकारी कागद एकमेकांशी जुळत नाहीत. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला याहून अस्वस्थ करणारी गोष्ट नसते. कागद जुळत नसले की आमच्या हातातली लाल शाई आपोआप सरसावते. खोटं कुठे बोलला हा माणूस? आणि का?

जॉर्ज जोसेफ हेरीमनचा जन्म २२ ऑगस्ट १८८० रोजी लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. वडील शिंपी. घराणं क्रिओल, म्हणजे फ्रेंच वळणाचं, कॅथलिक धर्माचं, काळ्या आणि गोऱ्या रक्ताचं मिश्रण असलेलं. या समाजातले कित्येक जण अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीपासून, गुलामगिरी जोरात असतानाही, स्वतंत्र नागरिक होते. त्यांच्यात कारागीर होते, शिक्षक होते, घरंदार असलेले लोक होते. युद्धानंतर सगळ्यांनाच हक्क मिळाले. पण १८७७ नंतर वारं फिरलं आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांनी एकेक हक्क परत काढून घ्यायला सुरुवात केली.

१८९० साली लुइझियानाने कायदा केला की रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा. याच क्रिओल समाजातला होमर प्लेसी हा चांभारकाम करणारा तरुण, दिसायला गोराच, १८९२ साली मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला, आपला वंश सांगितला आणि अटक करून घेतली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९६ साली न्यायालयाने वेगळे डबे योग्यच ठरवले. त्या निकालाच्या आधारावर पुढची अर्ध्याहून अधिक शतकं शाळा, हॉटेलं, पाण्याचे नळ वेगळे राहिले. १९५४ साली शाळांबाबतचा निकाल लागला तेव्हा कुठे त्या पायाला सुरुंग लागला.

प्लेसीने डब्यात बसून वंश सांगितला. हेरीमनच्या वडिलांनी दुसरी वाट धरली. १८९०च्या सुमारास, जॉर्ज दहा वर्षांचा असताना, त्यांनी बिऱ्हाड उचललं आणि हजारो मैल दूर लॉस एंजेलिस गाठलं. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. कातडीचा रंग उजळ होता. तिथे ते गोरे म्हणून राहिले. गाव सोडताना माणूस भांडीकुंडी घेतो, देव घेतो, तसंच हेही एक ओझं त्या कुटुंबाने बांधून घेतलं. ते कुणाला दाखवायचं नव्हतं. दहा वर्षांच्या पोराला घरात काय सांगितलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. मावशीचं नाव काढायचं नाही, गावचं फार बोलायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही.

पोरगा चित्रात हुशार होता. शाळा संपवून लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्रात चित्रांचे ठसे तयार करणाऱ्या खात्यात लागला. १९०० साली, विशीत, मालगाडीतून चोरून प्रवास करत न्यूयॉर्कला पोहोचला. कोनी आयलंडच्या जत्रेत फलक रंगवून दिवस काढले आणि हळूहळू वर्तमानपत्रांत त्याची चित्रं येऊ लागली. १९०२ साली त्याने ‘म्युझिकल मोझ’ नावाची एक छोटी मालिका काढली. तिच्यातला मोझ हा काळा वादक काम मिळावं म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी देशाचा असल्याचं सोंग घेतो, सोंग उघडं पडतं आणि लोक त्याला बडवून काढतात. वाचकांनी हसून पान उलटलं असेल. काढणारा एकवीस वर्षांचा मुलगा ते रेखाटताना हसत होता का, हा विचार मला चैन पडू देत नाही.

त्याच वर्षी त्याने लग्न केलं. मुलगी गोरी, मेबल ब्रिज नावाची. लग्न लॉस एंजेलिसला लागलं. आता पाहा, कॅलिफोर्नियात तेव्हा गोरा आणि काळा यांचा विवाह कायद्याने रद्दबातल होता आणि हा कायदा १९४८ पर्यंत टिकला. म्हणजे त्याच्या जन्माचा कागद कुणी शोधून काढला असता तर नोकरी तर जातीच, पण संसारच बेकायदा ठरला असता. त्याला दोन मुली झाल्या, एक १९०३ साली आणि दुसरी १९०९ साली. त्यांच्या शाळा, त्यांची लग्नं, सगळं त्या एका कागदावर अडलेलं. कचेरीतले मित्र त्याला थट्टेने ‘ग्रीक’ म्हणत, कारण हा मूळचा कुठला ते कुणालाच नीट कळेना. त्याने ते नाव चालवून घेतलं. आणि डोक्यावरून टोपी काढली नाही. टक्कल नव्हतंच. केस कुरळे होते.

आपल्या भाषेत टोपी घालणं म्हणजे दुसऱ्याला फसवणं. याने ती आयुष्यभर स्वतःलाच घातली.

१९१० साली तो विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या बड्या वृत्तपत्रमालकाच्या न्यूयॉर्कच्या सायंदैनिकात होता. २० जूनला त्याची नवी मालिका सुरू झाली. डिंगबॅट नावाचं एक कुटुंब आणि त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे, कधीही न दिसणारे, सतत छळणारे शेजारी. चाळीत राहिलेल्या कुणालाही हा विषय समजावून सांगायला नको.

त्याच उन्हाळ्यात ४ जुलैला रीनो शहरात एक मुष्टियुद्ध झालं. जॅक जॉन्सन हा काळा मुष्टियोद्धा १९०८ पासून जगज्जेता होता आणि अनेक गोऱ्यांना ते सहन होत नव्हतं. त्यांनी निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजला आग्रह करून पुन्हा रिंगणात उतरवलं. जॉन्सनने त्याला लोळवलं. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसं मारली गेली. हेरीमन खेळाच्या पानासाठी चित्रं काढत असे, जॉन्सनला त्याने अनेकदा रेखाटलं होतं. हे सगळं तो वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून, गोऱ्या सहकाऱ्यांच्या गराड्यात, टोपी घालून ऐकत-पाहत होता.

त्यानंतर बावीस दिवसांनी, २६ जुलैला, डिंगबॅट कुटुंबाच्या पायाखाली, चौकटीच्या तळाशी उरलेल्या रिकाम्या पट्टीत, एका उंदराने एका काळ्या मांजराच्या डोक्यात काहीतरी फेकून मारलं. मुख्य गोष्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. जागा भरायची म्हणून काढलेली गंमत. पण वाचकांची नजर त्या पट्टीवरच जाऊ लागली. २८ ऑक्टोबर १९१३ पासून मांजराला स्वतःची रोजची मालिका मिळाली आणि २३ एप्रिल १९१६ पासून रविवारचं पूर्ण पान मिळालं. गंमत म्हणजे ते रविवारचं पान मुलांच्या चित्रांच्या पुरवणीत न येता कला आणि नाटकाच्या विभागात छापलं जाई.

मुष्टियुद्धाचा आणि मांजराचा संबंध मी इथे जोडला, तो तारखा पाहून. हेरीमनने तो कधी जोडला नाही. पण एक चित्रकथा अशी आहे की तिच्यापुढे योगायोगाचं नाव घेणं अवघड जातं. तिच्यात क्रेझी सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात जातं आणि पांढरंशुभ्र होऊन बाहेर येतं. इग्नॅट्झ उंदीर पाहतच राहतो. हातातली वीट विसरतो, प्रेमात पडतो. आणि हे तर तेच मांजर, असं कळताच पुन्हा वीट. दुसऱ्या एकीत उंदीर काजळीने काळा होतो, तेव्हा क्रेझी त्याला ओळखत नाही आणि जवळ येऊ देत नाही. शंभर वर्षांपूर्वी न्याहारी करता करता लोकांनी हे वाचलं आणि पान मिटून ठेवलं.

सामान्य वाचकांना ‘क्रेझी कॅट’ फारशी कळली नाही, हेही सांगायला हवं. अनेक संपादकांना ती नको होती. ती टिकली ती हर्स्टमुळे. हा मालक इतर बाबतींत कसाही असो, त्याला हे मांजर आवडायचं, आणि तो असेपर्यंत पान काढून टाकायची कुणाची हिंमत नव्हती. असं सांगतात की मंदीच्या काळात हेरीमनने आपण होऊन पगार कमी करा म्हणून सुचवलं आणि हर्स्टने नकार दिला. माझ्या नोकरीत असा अर्ज माझ्या टेबलावर एकदाही आला नाही.

जाणकारांनी मात्र त्याला लवकर ओळखलं. १९२२ साली जॉन ऑल्डन कारपेंटर या संगीतकाराने ‘क्रेझी कॅट’वर जॅझ बॅले बसवला, त्याचे देखावे हेरीमनने केले. १९२४ साली गिल्बर्ट सेल्डीस या समीक्षकाने लोककलांवरच्या पुस्तकात या मांजराला एक अख्खं प्रकरण दिलं आणि चार्ली चॅप्लिनच्या पंक्तीला नेऊन बसवलं. हेरीमन यावर संकोचून जायचा. फार बोलायचा नाही. मुलाखत देणारा माणूस नव्हता तो, आणि त्याचं कारण आता आपल्याला कळतं. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, आपण मूळचे कुठले?

त्याला मनापासून आवडायचं ते ॲरिझोनाचं वाळवंट. मॉन्युमेंट व्हॅलीचे ते तांबडे, एकटे उभे असलेले सुळके. तिथल्या कायेंटा गावी जॉन आणि लुइसा वेदरिल या दांपत्याकडे तो अनेकदा जाऊन राहायचा. तिथले नव्हाहो आदिवासी, त्यांच्या घोंगड्यांवरची नक्षी, सगळं त्याच्या चित्रांत उतरलं. मालिका घडते ते गाव त्याने तिथल्याच कोकोनिनो या खऱ्या परगण्याच्या नावाने वसवलं. मोकळं आभाळ, मैलोन्‌मैल माणूस नाही, आणि उन्हाबरोबर क्षणाक्षणाला रंग बदलणारे डोंगर. चौकटीगणिक बदलणारे देखावे पाहून समीक्षकांनी पुढे पुष्कळ लिहिलं. मला साधीच गोष्ट सुचते. ज्याला आयुष्यभर एका रकान्यात अडकून राहावं लागलं, त्याने असं गाव वसवलं की तिथे कुठल्याच गोष्टीचा रकाना पक्का नाही. मांजराला बोका की भाटी हे विचारायची सोय नाही. डोंगराला तू डोंगर आहेस की झाड, असा दाखला मागायची सोय नाही.

घर मात्र त्याला शहरातच करावं लागलं. त्या काळी लॉस एंजेलिसमधल्या कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतांतच कलम असे की ही जागा गोऱ्यांखेरीज कुणाला विकायची वा राहायला द्यायची नाही. आम्ही बँकेत खरेदीखतं वाचतो ती चतुःसीमा आणि बोजा पाहण्यासाठी. असं कलम असलेला कागद समोर ठेवून सही करताना या माणसाचा हात कसा चालला असेल?

१९३१ साली मेबल मोटार अपघातात गेली. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. १९३९ साली धाकटी मुलगी गेली, अवघ्या तिशीत. घरात कुत्री-मांजरं सांभाळत, टेबलाशी बसून तो रोजची वीट काढत राहिला. १९३५ पासून रविवारची पानं रंगीत झाली होती. वाचणारे कमी झाले होते, रेघ जरा खरखरीत झाली होती, पण मांजर अजून उंदराची वाट पाहत होतं.

२५ एप्रिल १९४४ रोजी झोपेतच त्याचा अंत झाला. टेबलावर आठवड्याभराच्या चित्रांची पेन्सिलीची कच्ची रेखाटनं पडलेली होती. शाई लावायची राहिली होती. त्याची राख मॉन्युमेंट व्हॅलीत विखुरण्यात आली. मृत्यूच्या दाखल्यावर ‘कॉकेशियन’ लिहिलं गेलं. टोपी शेवटपर्यंत डोक्यावर राहिली.

एरवी अशी मालिका दुसऱ्या चित्रकाराकडे सोपवून चालू ठेवायची रीत होती. हर्स्टने तसं केलं नाही. तयार असलेलं शेवटचं रविवारचं पान २५ जून १९४४ला छापलं आणि मांजराचा खेळ थांबवला. त्या पानात क्रेझी पाण्यात बुडतं आणि ऑफिसर पप त्याला हातांवर उचलून बाहेर आणतो.

पुढे सत्तावीस वर्षं कुणाला काही कळलं नाही. १९७१ साली आर्थर आसा बर्गर हे प्राध्यापक एका चरित्रकोशासाठी हेरीमनची नोंद लिहीत होते. तारीख तपासावी म्हणून त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या आरोग्य खात्याकडून जन्माचा दाखला मागवला आणि त्यात तो शब्द निघाला. एका कारकुनाने १८८० साली लिहिलेला एक शब्द. पुढच्याच वर्षी इश्माएल रीड या काळ्या लेखकाने आपली ‘मम्बो जम्बो’ ही कादंबरी हेरीमनला, आपल्या समाजाचा माणूस म्हणून, अर्पण केली. त्यानंतर त्याची पानं संग्रहालयांत जाऊ लागली. २००५ साली लॉस एंजेलिसच्या दोन संग्रहालयांनी मिळून अमेरिकेतल्या पंधरा श्रेष्ठ चित्रमालिकाकारांचं प्रदर्शन भरवलं, त्यात हेरीमन होता. ज्या शहरात तो लपून राहिला त्याच शहरात. मग माद्रिद, जिथे ‘गेर्निका’ पाहून दमलेला मी अपघाताने त्याच्यापुढे येऊन उभा राहिलो.

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. १९८७ सालची गोष्ट असेल. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत नवा अधिकारी होतो. एक तरुण शिक्षक घरकर्जासाठी आले. पगाराच्या दाखल्यावर एक आडनाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. मी काउंटरवरून दोन्ही आडनावं मोठ्याने वाचली आणि यातलं खरं कुठलं, असं विचारलं. मागे पंधरावीस माणसांची रांग होती. त्या गृहस्थांनी काही न बोलता पिशवीतून राजपत्राची प्रत काढून पुढे ठेवली. नाव रीतसर बदललेलं होतं. कागद चोख होते, कर्ज मंजूर झालं. पण जुनं आडनाव रांगेतल्या प्रत्येकाने ऐकलं होतं, आणि आपल्या मुलखात आडनावावरून काय कळतं हे मी वाचकांना सांगायला नको. काही महिन्यांनी त्यांनी खातं दुसऱ्या शाखेत नेलं. मला कुणी दोष दिला नाही. चौकशी करणं माझं कामच होतं. मोठ्याने करणं हे कुठल्याच नियमात नव्हतं.

हेरीमनचे दोन दाखले वाचले तेव्हा खोटं कुठे बोलला हा माणूस, असं माझ्या मनात आलं. चरित्र वाचून संपलं तेव्हा तो प्रश्न माझा मलाच लाज वाटावी असा झाला होता. शिंप्याच्या मुलाला चित्रं काढायची होती, आवडत्या मुलीशी संसार करायचा होता, चार भिंतींचं घर हवं होतं. यातली एकेक गोष्ट ज्या कायद्यांनी त्या एका शब्दासाठी अडवली, त्यांचा हिशेब आधी मागायला हवा. हिशेब मी उलट्या रकान्यात मांडला होता.

मग त्याची टोपी मेल्यानंतर आपण काढली, ते बरोबर की चूक? मी यावर बराच विचार केला. तो असता तर त्याला आवडलं नसतं, हे उघड आहे. पण आता त्याचं लग्न कुणी रद्द करू शकत नाही, घर कुणी काढून घेऊ शकत नाही. आता ते नाव उच्चारण्यात त्याला धोका नाही. आणि ते उच्चारलं नाही तर पांढरं झालेलं मांजर नुसता विनोद उरतं, आणि त्या विनोदाखाली हा माणूस केवढा जीव मुठीत धरून बसला होता ते कळत नाही. संग्रहालयात भिंतीवर लावलेल्या त्या पानांपुढे लोक हळू आवाजात बोलत होते, हे मला आता फार मोलाचं वाटतं. त्या काउंटरवर मीही तसंच बोलायला हवं होतं.

२०१९ साली निवृत्त झालो तेव्हा टेबलाचा खण आवरताना लाल शाईची एक बाटली निघाली. अर्धी भरलेली. टाकवली नाही म्हणून घरी आणली. आता माझ्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखितावर दुरुस्त्या करायला ती वापरतो. बहुतेक चुका माझ्याच असतात.